धाकट्याचं पाणी

आमच्या घरात पाणी फेकायची चोरी आहे. पाणी कमी आहे म्हणून नव्हे, नळ दिवसभर धो धो वाहतो. पण मागच्या खोलीत आमच्या ह्यांच्या माशांच्या टाक्या आहेत, आणि त्या टाक्यांतून काढलेलं पाणी पांढऱ्या बादलीत एक रात्र मुक्काम केल्याशिवाय मोरीची वाट धरत नाही. एखादं पिल्लू चुकून त्यात आलं असलं तर, असा ह्यांचा प्रश्न. लग्नाच्या पहिल्या महिन्यात मी तो ऐकला आणि नव्या नवरीला शोभेल असं हसून सोडून दिला. तेव्हापासून बादल्यांना ठेचकाळते आहे. लोकांच्या घरी कोपऱ्यात फुलदाणी असते, माझ्या घरी बादली.

हे लिफ्ट दुरुस्त करायचे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना शांतपणे बाहेर काढण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे घाई आणि आरडाओरडा ह्या दोन्ही गोष्टी ह्यांना जमत नाहीत. त्या खात्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. मी घरी पडदे शिवते आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं सगळे म्हणतात. सगळेच म्हणतात तेव्हा त्यात काही तथ्य असावं.

मासेही साधेसुधे नाहीत, किलीफिश. नर बोटाएवढा, निळसर, अंगभर लाल ठिपके आणि शेपटीला पिवळी किनार. मादी मातकट. नटायचं काम पुरुषाचं, ही त्यांच्यातली रीत आमच्या ह्यांच्याकडे बघून कुणाला खरी वाटणार नाही. मादी अंडी घालते ती लोकरीच्या झुबक्यात. झुबका मी करून देते. हिरव्या लोकरीचे धागे एकत्र बांधायचे आणि वर बुचाचा तुकडा लावायचा, म्हणजे तो पाण्यात लोंबत राहतो. अंडं टाचणीच्या डोक्याएवढं, काचेच्या मण्यासारखं. हे सकाळी चष्मा लावून बसतात, लोकरीचा एकेक धागा चिमटीतून ओढतात आणि अंडी वेचून बशीत ठेवतात. तांदळातले खडे वेचायला सांगितले की मात्र ह्यांना दिसत नाही.

ह्या वेडातले ह्यांचे गुरू म्हणजे फोटोवाले. चौकात त्यांचा स्टुडिओ होता. लोक मोबाइलवर फोटो काढायला लागले, डार्करूम रिकामी पडली, तेव्हा त्यांनी तिथे टाक्या मांडल्या. त्यांना एकच ध्यास होता. ह्या जातीत शेपटीची पिवळी किनार मध्येच तुटते, कुठे लाल ठिपका घुसतो, कुठे रंग विरून जातो. फोटोवाल्यांना ती वरून खालपर्यंत सलग हवी होती. त्यासाठी ते त्यातल्या त्यात चांगल्या किनारीचा नर निवडत, त्याची पिल्लं वाढवत, त्यांतून पुन्हा निवडत. माझ्या पडद्याची किनार मी एका दुपारी शिवते, तुम्हाला वीस वर्षं लागली, असं मी एकदा म्हटलं तेव्हा ते मनापासून हसले होते. शेवटी त्यांना हवी तशी किनार साधली. तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना बोलावून टाकीसमोर खुर्च्या मांडून बसवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी स्टुडिओ विकला आणि मुलाकडे राहायला गेले. भाड्याचं घर, वरचा मजला, आणि घरमालकाने टाक्यांना सक्त मनाई केलेली. सगळे मासे इकडेतिकडे वाटून झाले. सलग किनारीची एकच जोडी उरली होती, तीही उतारवयातली. ती बरणीत घालून, बरणी मफलरमध्ये गुंडाळून त्यांनी ह्यांच्या हातात दिली. एवढं सांभाळ, म्हणाले आणि जिना उतरायला लागले. आमच्याकडे लिफ्ट आहे हेही विसरले.

त्या जोडीने थोडी अंडी दिली आणि मग एकापाठोपाठ दोघंही गेली. त्यांचं वय झालं होतं, कुणाचा दोष नव्हता. अंड्यांतून ओंजळभर पिल्लं निघाली. सलग किनारीचं जगात जे काही उरलं होतं ते एवढंच, आमच्या मागच्या खोलीत, पापणीच्या केसाएवढं. फोटोवाले रोज फोन करून विचारायचे. नातवंडांची कुणी इतकी चौकशी करत नाही. आणि त्या शनिवारी ते स्वतः बघायला येणार होते.

आता वन्संबद्दल. ह्यांच्या मोठ्या बहीण. कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी जन्म काढला. कारखाना बंद पडला, त्याबरोबर कँटीनही, आणि त्या राहत होत्या ती इमारत पाडायला काढली, तेव्हा हे त्यांना आमच्याकडे घेऊन आले. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, पण म्हणताना एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत ही म्हण आठवली नाही असं नाही.

वन्संचा स्वभाव वाईट नव्हता, त्यांची शिस्त वाईट होती. टेबलावर उघडं भांडं दिसलं की त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची. ते झाकायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. वर चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर कुणाचं काय ते निळ्या पेनाने. कँटीनमध्ये कामगारांचे डबे असेच ठेवत म्हणे. आमचा फ्रिज उघडला की कचेरीत आल्यासारखं वाटे. 'धाकट्याचं लोणी.' 'धाकटीचं दूध.' धाकटा म्हणजे हे, साठी ओलांडली तरी. धाकटी म्हणजे मी. कापडावर खुणा करायच्या खडूची पूड एकदा मी वाटीत ठेवली होती, तीही 'धाकटीचं पीठ' होऊन फ्रिजमध्ये गेली. जित्याची खोड, दुसरं काय. स्वतःचं नाव मात्र त्यांनी कधी एकाही डब्यावर घातलं नाही. जणू त्या घरात त्यांचं काही नव्हतंच. माझ्या ते लक्षात आलं होतं. पण माझ्या लक्षात काय काय येतं आणि मी त्याचं काय करते, ह्यात बरंच अंतर असतं.

पाण्याचा नियम त्यांना पहिल्याच दिवशी सांगितला होता. टाकीचं पाणी कुठेही दिसलं तरी फेकायचं नाही. त्यांनी मान हलवली आणि तो कधी मोडला नाही. का, कशासाठी, असं विचारलंसुद्धा नाही. कँटीनमध्ये नियमाला कारण विचारायची पद्धत नसावी. मागच्या खोलीत त्या पाऊल टाकत नसत, आणि बादली आडवी आली तर अंग चोरून बाजूने जात.

पिल्लांच्या टाकीची सफाई हा आमच्याकडे एक सोहळा असतो. मोठ्या माशांचं पाणी जाड नळीने उपसता येतं. पिल्लांच्या टाकीत ती नळी घातली तर तळाच्या घाणीबरोबर पिल्लंही ओढली जातील. म्हणून बारीक नळी, आणि तिच्या तोंडाला माझ्या पडद्यांच्या जाळीचा तुकडा दोऱ्याने बांधलेला. त्यासाठी मी ह्यांना जाळीचे कितीतरी नमुने दिले. एकातून पिल्लं निसटायची, दुसऱ्यातून पाणीच यायचं नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईंच्या पडद्यातून उरलेली जाळी पसंत पडली. त्यांच्या खिडकीत अजून तीच जाळी लटकते आहे, आणि तिचा तुकडा कुठल्या बाळांच्या कामी येतो हे त्यांना माहीत नाही. नळी हळूहळू तळावरून फिरवायची, पाणी पांढऱ्या बादलीत घ्यायचं, बादलीत बाजूने टॉर्च मारायचा. मग आदल्या दिवशी भरून ठेवलेलं नवं पाणी थेंबाथेंबाने टाकीत सोडायचं. हे सगळं चालू असताना हे श्वाससुद्धा परवानगी काढून घेतात.

त्या शनिवारी एवढ्याने भागणार नव्हतं. सकाळी ह्यांना टाकीच्या काचेला काहीतरी चिकटलेलं दिसलं. बारीक देठ आणि वर दोऱ्यासारखे हलणारे हात. हायड्रा. नव्याने आणलेल्या शेवाळाबरोबर आला असावा. दिसायला धाग्याचा तुकडा, पण जवळून जाणाऱ्या पिल्लाला त्या हातांनी धरतो आणि गिळतो. एक दिसला म्हणजे आणखी असणारच. ह्यांचं धाबं दणाणलं. उपाय एकच होता. पिल्लं बाहेर काढायची, शेवाळ टाकून द्यायचं, टाकी कढत पाण्याने धुवायची, आणि शेजारच्या टाकीत मुरलेला, पाणी गाळायचा स्पंज लावून पुन्हा भरायची. तेही फोटोवाले यायच्या आत.

पिल्लांना जाळीने पकडत नाहीत, अंगाला ओरखडे येतात. ह्यांनी स्वयंपाकघरातली पळी घेतली आणि पाण्यासकट एकेक पिल्लू उचलून माझ्या मोठ्या काचेच्या वाडग्यात सोडलं. त्यातच सकाळ गेली. संपली असं वाटल्यावर पुन्हा टॉर्च, पुन्हा एखादं सापडायचं. टाकीत वाळकी पानं घातलेली असतात, त्यामुळे वाडग्यातलं पाणी फिक्क्या चहाच्या रंगाचं होतं, आणि नाक लावून पाहिल्याशिवाय त्यात काही आहे असं वाटत नव्हतं. वाडगा खिडकीपाशी जेवणाच्या टेबलावर ठेवून हे टाकी घेऊन न्हाणीघरात गेले. मी शिवलेले पडदे द्यायला दुकानात गेले होते.

परत आले तेव्हा हे स्वयंपाकघरात फरशीवर आडवे होते. मी धावले. मग दिसलं की डोकं सिंकखाली आहे आणि हातात पाना आहे. सिंकखालच्या नळीचा वाकडा तुकडा सोडवून त्यातलं पाणी पांढऱ्या बादलीत काढत होते. टेबल लख्ख पुसलेलं होतं. वाडगा नव्हता.

"अक्का येऊन गेली," हे म्हणाले.

वन्सं बाजारातून आल्या होत्या, त्यांनी टेबल आवरलं होतं आणि पुस्तक बदलायला लगेच वाचनालयात गेल्या होत्या. जाताना दारातून तसं सांगितलंही होतं. न्हाणीघरात नळ चालू होता, टाकीत कढत पाणी होतं, ह्यांनी नीट न ऐकता आतून बरं म्हटलं होतं. टाकी चकाचक करून बाहेर आले तर टेबल कोरडं. फोन करून विचारावं म्हटलं, तर वन्संचा फोन नेहमीप्रमाणे त्यांच्या उशीखाली वाजला.

वाडगा धुऊन कपाटात ठेवला असणार, हे मी धरूनच चालले. कपाट उघडून पाहिलं असतं तर तो तिथे नाही हे कळलं असतं. पण रागावलेलं माणूस पुरावे तपासत नाही. हे आपले नळीतला गाळ बोटाने चाचपत होते. त्यात मागे हरवलेला एक चमचा निघाला आणि माझं एक बटण. मग ह्यांनी भांडी घासायचा स्पंज बादलीत पिळला आणि त्या फेसाळ पाण्यात टॉर्च मारून पाहिलं. ते पाहून मला रडू आलं, आणि मला रडू आलं की त्याच्याआधी राग दाराशी येऊन उभा राहतो.

मी वन्संसाठी भाषण तयार करायला घेतलं. सुरुवात, हे कँटीन नव्हे, अशी होती. मधला भाग फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांचा आणि माझ्या खडूच्या पुडीचा. शेवट अजून ठरला नव्हता, पण त्यात दुसरीकडे खोली बघण्याचा विषय येणार होता. हे सगळं मी मनातल्या मनात म्हणत होते, तरी ह्यांना ऐकू गेलं. इतक्या वर्षांत भिंतीलाही ऐकू येतं.

"तिला काही बोलू नकोस," हे सिंकखालून म्हणाले. "तिला कुणी सांगितलं होतं त्यात काय आहे ते?"

मग फोटोवाल्यांना काय सांगणार, असं मी विचारलं.  ह्यांनी नळी पान्याने घट्ट केली, आणि घट्ट झाल्यावरही पाना फिरवत राहिले. वीस वर्षांची किनार आपल्या घरात, आपल्या सिंकमधून गेली, हे म्हाताऱ्या मित्राच्या तोंडावर सांगायचं होतं. मला वाटतं, ते वाक्य जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं.

तेवढ्यात फोटोवाल्यांचाच फोन आला. निघालोय, म्हणाले. भिंग बरोबर घेतलंय, असंही म्हणाले. आवाज लहान पोरासारखा होता. मी बरं बरं म्हणून फोन ठेवला. काही सुचलं नाही म्हणून चहाचं आधण ठेवलं आणि दूध काढायला फ्रिज उघडला.

दुधामागे, लोण्याच्या डब्याशेजारी, माझा काचेचा वाडगा होता. वर ताट झाकलेलं. ताटावर चिकटपट्टी, आणि निळ्या पेनाने लिहिलेलं: 'धाकट्याचं पाणी. फेकू नये.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. वन्संनी दोन्ही नियम पाळले होते, त्यांचाही आणि ह्यांचाही. उघडं काही ठेवायचं नाही, आणि पाणी फेकायचं नाही. दोन्ही पाळणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार होतं? माझं भाषण तिथल्या तिथे विरलं. मी ह्यांना हाक मारली.

वाडगा हाताला गार लागला. ताट बाजूला केलं. पिल्लं तळाशी होती, सगळी, पानांच्या चुऱ्याबरोबर एका कडेला गोळा झालेली. एकही हलत नव्हतं. हे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. मग आयुष्यात कधी घाई न केलेला हा माणूस वळला, टाकी धुवायला तापवलेल्या कढत पाण्याची किटली शेगडीवरून उचलली आणि वाडग्यापाशी आला.

"ठेव ती खाली."

दारात वन्सं उभ्या होत्या, खांद्याला पुस्तकाची पिशवी. त्यांनी वाडगा पाहिला, माझ्या हातातलं ताट पाहिलं, किटली पाहिली. कँटीनवाल्या बाईला स्वयंपाकघरात काय बिघडलंय ते विचारावं लागत नाही.

"गारठलेल्या माणसालाही एकदम शेकोटीत घालत नाहीत, धाकट्या," त्या म्हणाल्या. "हळूहळू येऊ दे."

ह्यांनी किटली ठेवली. हे ह्यांनाही माहीत होतं. नवीन मासे आणणाऱ्या पोरांना हेच तर सांगत असतात, पाण्याशी पाणी हळूहळू जुळू द्या म्हणून. पण स्वतःच्या घरातलं माणूस आजारी पडलं की डॉक्टरचेही हात कापतात. हे खुर्चीत बसले आणि वन्संना सांगितलं, वाडग्यात काय होतं ते, आणि ते कुणाचं होतं ते.

वन्संनी खुर्ची ओढली नाही, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना पाणीच दिसलं होतं, म्हणाल्या. चष्मा पिशवीत होता. मग त्या माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या की वाचनालयातल्या एका मैत्रिणीकडे खोली रिकामी आहे, तिला विचारायचं त्यांच्या मनात होतंच, आज पुन्हा जाऊन विचारून येतील. माझ्या भाषणाचा शेवट मी त्यांच्या तोंडून ऐकला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आपण मनात म्हटलेलं समोरच्याला केव्हापासून ऐकू येत असेल, ह्याचा हिशेब नसतो.

"खोलीचं राहू दे," मी म्हटलं. "वन्सं, आधी इकडे या. तुमचे हात उबदार आहेत."

हे खरंच होतं. कणीक मळलेल्या, पातेली उचललेल्या त्या हातांना बारा महिने ऊब असायची, आणि माझे हात कात्रीसारखे गार. वन्सं आल्या, बसल्या आणि त्यांनी दोन्ही तळवे वाडग्याला लावले. एवढी ऊब चालेल का, असं ह्यांना विचारलं. चालेल, हे म्हणाले. मी अस्तराचं कापड आणून वाडग्याखाली घातलं, टेबल गार लागू नये म्हणून. मग करण्यासारखं काही राहिलं नाही. आम्ही तिघं वाडग्याभोवती बसलो. आधण उकळून उकळून आटलं, कुणी उठलं नाही.

बेल वाजली तेव्हा मीच दार उघडलं. फोटोवाले लिफ्टने आले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात भिंगाची डबी. ह्यांनी उठून तोंड उघडलं, पण वाक्य अजूनही जुळलेलं नव्हतं. बोलल्या त्या वन्सं.

"तुमची पिल्लं मी फ्रिजमध्ये ठेवली होती. चुकून. अजून हललेली नाहीत."

 फोटोवाले खुर्चीच्या पाठीला धरून हळूहळू बसले, डबीतून भिंग काढलं आणि वाडग्यावर वाकले. हे तेच भिंग, ज्यातून ते पूर्वी निगेटिव्ह तपासायचे. आम्हाला त्यांचा फक्त टक्कल पडलेला माथा दिसत होता. पिल्लाचं अंग पारदर्शक असतं. आतलं सगळं दिसतं, पण त्यासाठी डोळा लागतो आणि धीर लागतो. दोन्ही त्यांच्याकडे होते. ते भिंग एका पिल्लावरून दुसऱ्यावर नेत राहिले, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालेलं.

"ठोका चालू आहे," ते म्हणाले. "गळ्याखाली बघा. बारीक आहे, पण चालू आहे."

वन्संना बघायचं होतं, पण हात सोडायची तयारी नव्हती. तेव्हा फोटोवाल्यांनी भिंग त्यांच्या डोळ्यापाशी धरलं आणि ह्यांनी बाजूने टॉर्च. वन्संनी एक डोळा मिटून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या गालावरून काहीतरी ओघळलं ते त्यांना पुसताही येईना, म्हणून माझ्या हातातल्या फडक्याने मी पुसलं. त्यांनी पुसू दिलं.

पहिलं पिल्लू हललं तेव्हा मला वाटलं पाणीच हललं असेल. मग ते तिरकं झालं, सरळ झालं आणि काचेला धरून वर आलं. त्यामागून दुसरं. थोड्या वेळाने वन्संच्या अंगठ्यापाशी, काचेच्या आतल्या बाजूला, तीन-चार जणांचा घोळका जमला. ऊब तिथे होती, हे त्यांना बरोबर कळलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

दोन पिल्लं उठली नाहीत. हे ती पळीत घेऊन खिडकीपाशी बराच वेळ उभे होते. फोटोवाल्यांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, की डार्करूममध्ये दिवा लावायला विसरून, नळी चुकीच्या टाकीत घालून, आणि एकदा तर निव्वळ आनंदाच्या भरात जास्त खायला घालून त्यांनी ह्याच्या कितीतरी पट घालवली आहेत. बाकीची आहेत ना, मग किनार आहे. मग त्यांनी वन्संना विचारलं की ताटावर चिठ्ठी लावायची कल्पना कुणाची, आणि फेकू नये हे वाचून इतके हसले की भिंग टेबलावर ठेवावं लागलं. ती चिकटपट्टी त्यांनी मागून घेतली. ती त्यांनी भिंगाच्या डबीत, झाकणाच्या आतून लावली आहे, मी नंतर पाहिलं.

संध्याकाळपर्यंत टाकी भरली, वाडग्यातलं आणि टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने जुळवलं, आणि पिल्लं पळीतून घरी गेली. वाडग्यात उरलेलं पाणी पांढऱ्या बादलीत, बादली तिच्या कोपऱ्यात. फोटोवाल्यांनी तीन कप चहा घेतला. दर शनिवारी येईन म्हणाले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. ते गेल्यावर मी वन्संना म्हटलं, मैत्रिणीची ती खोली माझ्यासाठी विचारा, ह्या बादल्यांत मला राहायला जागा उरलेली नाही. त्या हसल्या नाहीत. पण पिशवीतलं पुस्तक काढून त्यांनी हॉलमधल्या आमच्या पुस्तकांच्या रांगेत ठेवलं. आतापर्यंत त्यांचं पुस्तक पिशवीतच असायचं.

हायड्रा चिवट निघाला, पुढच्या महिन्यात पुन्हा दिसला. पुन्हा पळी, पुन्हा कढत पाणी. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं ह्यावेळी वाडगा टेबलावर ठेवायचं ह्यांनी नावही काढलं नाही. वन्सं आधीच खुर्ची घेऊन खिडकीपाशी बसल्या होत्या, चष्मा लावून, मांडीवर माझं अस्तराचं कापड. ह्यांनी वाडगा त्यांच्या मांडीवर दिला आणि निश्चिंत मनाने टाकी धुवायला गेले. आत शीळ घालत होते, जी मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. वन्सं दोन्ही हातांनी वाडगा धरून बसल्या. फोन वाजला, उठल्या नाहीत. दूधवाला आला, मीच गेले. मला पडद्याचं कापड बेतायला ती जागा हवी होती, उजेड तिथेच चांगला पडतो, तसं मी म्हटलंही. त्यांनी वाडग्यावरची नजर न काढता मानेनेच नाही म्हटलं.

वाडग्याला चिकटपट्टी होतीच. मला वाटलं, धाकट्याचं काहीतरी असणार. वाकून वाचलं तर निळ्या पेनाने लिहिलं होतं: 'आपली पिल्लं. फ्रिजमध्ये ठेवू नये.'

मी कापड उचललं आणि त्यांच्या पायाशी फरशीवर बसून बेतायला घेतलं.